सुनेने पखवाज वाजवायचा म्हटले तर सुरुवात कुठून करावी?

देवगडची सून

नमस्कार. माझे सासर देवगड तालुक्यात, खाडीकाठच्या एका वाडीत आहे. माहेरी भाऊ पखवाज शिकत असे, तेव्हा त्याच्या शेजारी बसून मीही भजनी ठेका आणि थोडेफार बोल शिकले. सासरी पखवाज घरातच आहे, कारण मामंजी पूर्वी वाडीच्या भजनात वाजवत असत; आता त्यांचा खांदा दुखतो, म्हणून तो खोळ घालून माळ्यावर ठेवला आहे.

आमच्या महिला मंडळाचा हरिपाठ दर एकादशीला होतो. त्यासाठी पखवाजवाला दुसऱ्या वाडीतून बोलवावा लागतो आणि तो आला नाही, तर नुसत्या टाळांवर भागवावे लागते. एकदा मी म्हणाले की मी वाजवते, तर सगळ्या जणी हसल्या. घरी आल्यावर सासूबाई एवढेच म्हणाल्या की पखवाज मांडीवर घेऊन चारचौघांत बसणे बाईमाणसाला शोभत नाही. कोणी रागावले नाही, दरडावले नाही; त्यामुळे भांडायचे तरी कोणाशी, हेही कळत नाही. दुपारी घर निजले की मी शिलाई मशीनच्या फळीवर बोटांनी ठेका धरते.

मला घरात तेढ नको आहे आणि वाडीशी वैरही नको. मात्र जे हातात आहे ते कोणाला ऐकवता येत नाही आणि ज्यांच्याशी त्याबद्दल बोलावे असेही कोणी भेटत नाही. अशा ठिकाणी राहूनच ज्यांनी वाट काढली, त्यांनी कृपया लिहावे.

मास्तर, कुडाळ

ताई, तुमच्या सासूबाईंचा आक्षेप नीट वाचा. देवाला चालत नाही असे त्या म्हणत नाहीत, शोभत नाही असे म्हणतात, आणि या दोहोंत फार अंतर आहे. आपल्याकडच्या आणि गोव्याकडच्या देवळांत बायकांचे गाणे पिढ्यान् पिढ्या होते. ते कलावंत घराण्यांकडे होते आणि म्हणूनच ‘घरंदाज’ बाईने त्यापासून दूर राहावे, अशी समजूत रुजली. १९०४ साली गोव्यातील कुर्डी गावी जन्मलेल्या गायिका मोगूबाई कुर्डीकर याच परंपरेतून आल्या, आणि १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले तेव्हा तो साऱ्यांनाच अभिमानाचा विषय झाला. दशावतारात पुरुष लुगडे नेसून रात्रभर राणी होतो आणि ते पाहायला सगळा गाव जत्रेत बसतो. तिथे कोणाला काही अशोभनीय वाटत नाही. बाईने नुसता पखवाज पुढ्यात घेतला की मात्र वाटते!

आता कामाचे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा पखवाजासाठीही असतात. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा अशा करत विशारदपर्यंत जाता येते. भजनी ठेका आठ मात्रांचा. पण चौताल या तालाच्या बारा आणि धमार या तालाच्या चौदा मात्रा हातात आल्या की वाजवणाऱ्याची बैठकच बदलते. परीक्षेचा अभ्यास म्हटले की घरच्यांचा विरोधही निम्मा ओसरतो, कारण अभ्यासाला आपल्याकडे कोणी नको म्हणत नाही. आणि पहिला गुरू तुमच्या घरातच आहे. मामंजींचा खांदा दुखतो, कान तर दुखत नाहीत. त्यांना शिकवायला सांगा.

चाकरमानी, मूळ मालवण तालुका

मास्तरांचे म्हणणे पटते, परंतु इतके सोपे ते नाही. गावात मानापानाचा हिशेब असतो. गणपतीत घरोघरच्या भजनात पखवाजाला कोण बसणार हे वर्षानुवर्षे ठरलेले असते आणि तिथे तुम्ही अचानक बसलात, तर तुम्ही बाई आहात यापेक्षा कोणाची तरी जागा घेतलीत याचाच राग अधिक येईल. म्हणून त्या भजनाला आणि पालखीला सध्या हात लावू नये. महिलांच्या हरिपाठात मात्र जागा मोकळीच आहे. तिथे तुम्ही कोणाला उठवत नाही, उलट मंडळाची अडचण दूर करता.

कोणी गावकीचा धाक घातलाच, तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तो माहीत असावा, पण तुमच्या प्रकरणात त्याची भाषा काढण्याची गरज मला दिसत नाही. हसणाऱ्या बायकांवर कायदा चालत नाही.

हर्णैहून

मी मुसलमान आहे, कोकणी बोलते, आणि आमच्या मोहल्ल्याची रीत वेगळी असली तरी ‘शोभत नाही’ हा शब्द आमच्याकडेही आहे. आमच्या लग्नांत बायका गाणी म्हणतात, त्यांतली कितीतरी मी लिहून ठेवली आणि हळूहळू स्वतःचीही लिहू लागले. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी. ए. करत असताना अभ्यासकेंद्रावर दर रविवारी काही जणी भेटत. लग्न झालेल्या, मुलेबाळे असलेल्या, डब्यात भाकरी-सुकट आणणाऱ्या. माझी पहिली कविता मी त्यांनाच वाचून दाखवली, घरच्यांना फार नंतर.

वरच्या दोन्ही उत्तरांत परवानगी कशी मिळेल याचाच विचार अधिक आहे, असे मला वाटते. ताई, तुम्ही दोन गोष्टी मागितल्या आहेत, आणि दुसरी आहे ती सोबत. मंडळातल्या सगळ्या हसल्या असे तुम्ही लिहिता, पण त्यांतली एखादी अवघडून हसली असेल, कारण तिलाही पेटी शिकायची असेल. तिला शोधा. सगळ्यांपुढे विचारू नका. विहिरीवर किंवा एस.टी.ची वाट पाहताना एकटी सापडली की विचारा. दोघी झालात की त्याला सराव म्हणतात, एकटीने केले तर लोक खूळ म्हणतात. फळीवर बोटे वाजवणे मात्र सोडू नका. ते कोणासाठी नाही, म्हणूनच ते टिकले आहे.

देवगडची सून

सर्वांचे आभार. हर्णैच्या ताईंचे वाचून आमच्या मंडळातली एक डोळ्यांसमोर आली; ती हसली नव्हती, टाळ पिशवीत भरत होती. तिच्याशी बोलेन. मामंजींना काल संध्याकाळी विचारले. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पखवाज खाली काढून वाद्या, म्हणजे ताणाच्या कातडी पट्ट्या, तपासायला मात्र त्यांनी सांगितले. काही वाद्या ताठ आणि कोरड्या पडल्या आहेत. इतकी वर्षे न वाजलेला पखवाज एकदम ताणून चढवला तर पुडी (तोंडावरचे कातडे) फाटेल का?

मास्तर, कुडाळ

फाटू शकते. पावसाळी हवेत कातडे ओलावते, म्हणून आधी काही दिवस कोरड्या जागी ठेवा, चुलीजवळ नको. वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे एका बाजूने न ठोकता समोरासमोरचे थोडेथोडे ठोकत जा. वाद्या तुटायला आल्या असतील, तर हातोडी लावण्याआधी जाणकाराकडून बदलून घ्या. धुमाच्या, म्हणजे डाव्या हाताच्या, बाजूला कणीक ताजी मळून लावा आणि वाजवून झाल्यावर खरवडून काढा, नाहीतर उंदीर येतात. बायकांची पट्टी पुरुषांच्या भजनापेक्षा वेगळी असते, तेव्हा आधी मंडळाची पट्टी कोणती ते पेटीवर पाहा आणि मग शाईची, म्हणजे उजव्या हाताची, बाजू जुळवा. मामंजी जवळ बसलेले असतानाच हे करा.