पायथॉन: सीएसव्हीतल्या मजकुराचे आकडे करताना दुधाचा हिशोब चुकतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गावातल्या दूध संकलन केंद्राची दहा दिवसांची बिलं मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत काढायला घेतली आहेत. नोंदी सीएसव्ही फाइलीत आहेत, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेला साधा मजकूर. सीएसव्ही मॉड्यूल प्रत्येक रकाना स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर म्हणूनच देतं. म्हणून एक छोटी लायब्ररी लिहिली: सभासद क्रमांक इंट (पूर्णांक), लिटर आणि दर फ्लोट (दशांश आकडा), उचल कापायची का ते बूल (ट्रू किंवा फॉल्स).

नोंदी मराठी आकड्यांत आहेत, तिथेच गाडी अडेल असं वाटलं होतं. पण '४७' इंटने आणि '३४.५०' फ्लोटने विनातक्रार घेतलं, फार बरं वाटलं!

अडलंय ते पुढेच. उचलीच्या रकान्यात 'नाही' असलं तरी सगळ्यांचीच उचल कापली जाते. '१,२५०' ला व्हॅल्यूएरर येतो. सभासद क्रमांक '००४७' चे ४७ होतात. आणि वहीतल्या बेरजेशी पैशांचा फरक पडतो, याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. लोकांच्या कष्टाचे पैसे आहेत.

प्रतिसाद

ताई, बूल मजकुराचा अर्थ बघत नाही, स्ट्रिंग रिकामी आहे का एवढंच बघतं. म्हणून 'नाही'सुद्धा ट्रू. 'हो' म्हणजे ट्रू आणि 'नाही' म्हणजे फॉल्स अशी डिक्शनरी (जोड्यांची यादी) करा, तिसरंच काही आलं तर एरर येऊ द्या. स्वल्पविराम आधी रिप्लेसने काढा. सभासद क्रमांकांची बेरीज कधी करायची नसते, ते स्ट्रिंगच राहू देत.

पैशांना फ्लोट नको. २.६७५ बायनरीत नेमका बसत नाही, किंचित कमी पडतो. त्यामुळे दोन दशांशांपर्यंत राउंड केल्यावर २.६८ ऐवजी २.६७ येतात. पायथॉनसोबत येणारं डेसिमल मॉड्यूल वापरा, मराठी आकडे तेही वाचतं. त्याला थेट स्ट्रिंगच द्या. आधी फ्लोट केलंत तर चूक तशीच आत जाईल. क्वांटाइझ करताना, म्हणजे रक्कम दोन दशांशांवर आणताना, 'राउंड हाफ अप' (अर्धा असेल तर वर न्या) सांगायला विसरू नका. नाहीतर डेसिमल अर्धा पैसा सम अंकाकडे नेतं, २.६६५ चे २.६६ करतं, आणि वहीत आपण २.६७ धरतो.

धागाकर्ती

दादा, बेरीज जुळली! मनापासून आभार. एकच राहिलं: काही ओळींत फॅटचा रकाना रिकामा आहे, डेसिमल तिथे थांबतं. शून्य धरलं तर त्या वेळच्या दुधाला दरच मिळणार नाही. नन (None, म्हणजे 'इथे काहीच नाही') ठेवू का?

प्रतिसाद

हो, नन ठेवा. आणि बिलं काढण्याआधी तेवढ्या ओळी वेगळ्या छापून केंद्रावर द्या. फॅट किती धरायचं ते त्यांनी आणि त्या सभासदाने समोरासमोर ठरवू दे.