शाळेत मनाचे तास: गरज की सोपस्कार?

मागचा_बाक:
लेकीच्या शाळेत गेल्या आठवड्यात मानसिक आरोग्यावर व्याख्यान झालं. सभागृहात चारेकशे मुलं, दीड तास भाषण, मग फलक धरून फोटो. लेक नववीत आहे. घरी येऊन म्हणाली, "आम्ही मागे फुली-गोळा खेळलो." आत्महत्या हा शब्द दीड तासात कुणी उच्चारला नाही, आणि व्याख्यान ठेवलं होतं ते त्याच काळजीपोटी. शाळेनं यात पडावंच, असं माझं मत. पण असं उरकायचं असेल तर नको. तुम्हाला काय वाटतं?

स्पष्टच_बोलतो:
पडूच नये. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या ८,००० हून जास्त मुलांवर 'मायरिअड' नावाची चाचणी झाली, वर्गात सजगतेचं ध्यान शिकवायची. २०२२ साली निकाल आला: नेहमीच्या तासांपेक्षा काडीचाही जास्त फायदा नाही. वर या सगळ्या बोलण्यानं पेपर अवघड गेला तरी मुलं "मला डिप्रेशन आलंय" म्हणायला लागलीत. ज्यांच्या मनात काही नाही त्यांच्या डोक्यात आत्महत्येचं भरवायचं कशाला?

खोली_नंबर_नऊ:
शाळेत समुपदेशक आहे, म्हणून लिहितो. ध्यानाबद्दल तुमचं बरोबर. पण सरसकट सगळ्यांना ध्यान शिकवणं वेगळं आणि जगणं नकोसं झालेल्या मुलापर्यंत पोचणं वेगळं.

'डोक्यात भरवण्या'ची शंका तपासून झालीय. न्यूयॉर्क राज्यातल्या ६ शाळांमधल्या २,३४२ मुलांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. काहींना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं, काहींना नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर विचारल्यामुळे कुणाचा त्रास वाढलेला नव्हता. आधीच खचलेल्या मुलांना तर उलट जरा हलकं वाटलेलं दिसलं.

दुसरा अभ्यास युरोपातला: १० देश, १६८ शाळा, ११,११० मुलं, २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातल्या एका गटानं चार आठवड्यांत पाचेक तास काम केलं, आणि त्यातले तीन तास मुलं स्वतः प्रसंग वठवत होती. भाषण कमी, एकमेकांशी बोलणं जास्त. वर्षभरानं या गटात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगणारी मुलं ०.७० टक्के निघाली. नुसती भित्तिपत्रकं लावलेल्या शाळांत १.५१ टक्के. म्हणजे मागचा_बाक, तुमच्या लेकीच्या शाळेतला फलक या दुसऱ्या खात्यात जमा.

स्पष्टच_बोलतो:
दीड टक्क्यावरून पाऊण टक्का! आणि तेही मुलांनी स्वतःच सांगितलेलं.

खोली_नंबर_नऊ:
स्वतः सांगितलेलं, हे मान्य. पण टक्के सोडून माणसं मोजा: एकीकडे १४, दुसरीकडे ३४. आणि तीन महिन्यांनी मोजलं तेव्हा फरक नव्हता, तो वर्षानं दिसला. त्यामुळे मानसिक आरोग्याचा आठवडा साजरा करून लगेच 'परिणाम' विचारणाऱ्यांनी जरा दम धरावा.

लाल_शाई:
सर, याच अभ्यासात शिक्षकांना लक्षणं ओळखायला शिकवलेला एक गट होता ना? त्यात लक्षणीय फरक पडला नाही, हे तुम्ही गाळलंत. मग दर वेळी आमच्याच माथी प्रशिक्षण का? हजेरी, पोर्शन, पेपर तपासणी, आणि आता मनंही तपासा!

तरी एक सांगते. एका मुलीची वही मधूनच कोरी राहायला लागली. मी तीन वेळा लाल शाईनं 'अपूर्ण' लिहिलं. चौथ्यांदा वही दिली तेव्हा बघितलं, माझ्या प्रत्येक 'अपूर्ण'खाली तिनं बारीक अक्षरात 'हो' लिहिलं होतं. मग पोर्शन बाजूला ठेवून तिच्याशेजारी जाऊन बसले आणि सरळ विचारलं, जगावंसं वाटत नाही का? ती रडली. त्या दिवशी तिला एकटं सोडलं नाही, समुपदेशकांकडे स्वतः घेऊन गेले. आज बरी आहे. मला हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तर पहिल्या 'अपूर्ण'लाच विचारलं असतं की नाही, देव जाणे.

नुकताच_सुटलो:
दोन वर्षांपूर्वी शाळा संपली. आमच्याकडेही प्रश्नावली भरून घ्यायचे. शेजारच्या बाकावरचा बघत असतो, त्यामुळे सगळ्यांच्या खुणा 'कधीच नाही' वर, वरपासून खालपर्यंत एका मिनिटात. माझ्यासुद्धा. आणि माझं तेव्हा खरंच बरं नव्हतं. समुपदेशकांची खोली मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून. आत गेलं की मधल्या सुट्टीपर्यंत अख्ख्या वर्गाला खबर. मित्रानं एकदा धीर करून सांगितलं, तर संध्याकाळी घरी फोन. त्यानंतर तिकडे कुणी फिरकलं नाही.

स्पष्टच_बोलतो:
बघा! मी हेच म्हणतोय.

नुकताच_सुटलो:
नाही काका, तुम्ही 'नको' म्हणताय. मी म्हणतोय धड करा.

खोली_नंबर_नऊ:
फोनचं दुखणं खरं आहे. जिवाला धोका असेल तर घरी सांगावंच लागतं, त्यात तडजोड नाही. पण हे मुलाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं, आणि कुणाला, कुठल्या शब्दांत सांगायचं ते त्याच्यासोबत बसून ठरवायचं. पाठीमागून फोन केला की संपलं. माझी खोली गेल्या वर्षी मागून घेतली, वाचनालयाच्या मागची. मुलं पुस्तक बदलायच्या निमित्तानं येतात. प्रसंग वठवायच्या तासाला वर्गशिक्षकांना बाहेर थांबायला सांगतो. त्यावरून मात्र दर वर्षी वाद होतो.

लाल_शाई:
होणारच. माझा वर्ग आहे तो.

मागचा_बाक:
लेकीला विचारलं, बाई बाहेर थांबल्या तर बोलशील का. म्हणाली, "बाई चालतील. वर्गातली ती दोघं नकोत." आता यावर काय उपाय, सर?