बीडब्ल्यूएतलं भोक: आता सी भाषा सोडायची का?

दांडियाबाजारकर: सीव्हीई-२०१९-१०२६९ वाचलं का? सीव्हीई म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या भोकांच्या जाहीर यादीतला नंबर. बीडब्ल्यूए हे सीमध्ये लिहिलेलं, डीएनएचे तुकडे संदर्भ जीनोमशी जुळवणारं टूल. संदर्भ जीनोमसोबतच्या .alt फाइलमधलं नाव ते १०२४ अक्षरांच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या ठरावीक जागेत, भरत सुटायचं, लांबी न मोजता. जास्तीची अक्षरं स्टॅकवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या चालू कामाच्या मेमरीत, सांडतात. मुद्दाम रचलेली असतील तर मशीन परक्याच्या हातात. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेने हे दाखवलं. आमच्या वडोदऱ्याच्या लॅबमध्ये पेशंटचे रिपोर्ट यावरूनच निघतात. माझं स्पष्ट मत: अशा कामात सी नको, मेमरीची हद्द स्वतःच सांभाळणारी रस्ट भाषाच हवी.

रावपुरा_काका: एवढ्यावरून घर पाडायचं? जानेवारी २०१९ मध्येच दुरुस्ती झाली, दोन-चार ओळींची. नवा अलाइनर, म्हणजे असं जुळवणारं टूल, आणलात की प्रत्येक व्हेरियंट (डीएनएतला फरक) पुन्हा ताडा. सही करणाऱ्या डॉक्टरांना काय सांगाल, निकाल थोडे हलले पण मेमरी सुरक्षित आहे? शिवाय .alt पेशंटकडून येत नाही, संदर्भ जीनोमबरोबर येते. चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही ना हे सांगणारा आकडा, बघा, झालं.

दांडियाबाजारकर: चेकसम बघतो कोण, काका? आमच्याकडे ती फाइल पेनड्राइव्हवरून आलीय! आणि २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाने तर डीएनएमध्येच कोड लिहून कॉम्प्युटर ताब्यात घेतला.

रावपुरा_काका: अर्धंच सांगू नका. एफक्यूझेडकॉम्प या डीएनएच्या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भोक त्यांनीच पाडलं होतं, मग त्यातून शिरले.

फतेगंजची_मेधा: भांडा, पण आधी सर्व्हर बघा. पॅच २०१९ चा खरा, पण पुढची आवृत्ती ०.७.१८ आली एप्रिल २०२४ मध्ये! मधली पाच वर्षं अधिकृत 'लेटेस्ट' म्हणजे ऑक्टोबर २०१७ चीच ०.७.१७, भोकासकट. काका, 'अपडेट केलं' म्हणणाऱ्याने नेमकं काय केलं असेल? नुसतं bwa टाइप करा. ०.७.१७-r११८८ दिसलं तर बहुधा ती जुनीच. आमच्याकडे तेच निघालं, वर रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, चालत होतं.

रावपुरा_काका: मग सोर्स कोडमधून बांधा. त्यात सीचा काय दोष?

दांडियाबाजारकर: दोष हा, की हे एकच नाही. एचटीएसलिब या जीनोमच्या फाइली वाचणाऱ्या सी लायब्ररीमध्येही व्हीसीएफ (व्हेरियंटच्या यादीची फाइल) वाचताना बफरबाहेर लिहिलं जात होतं, सीव्हीई-२०२०-३६४०३. आणि व्हीसीएफ बाहेरून रोज येतात, त्यांचं काय?

रावपुरा_काका: ते फझरने, म्हणजे वेड्यावाकड्या फाइली मुद्दाम भरवून बघणाऱ्या टूलने, पकडलं आणि बुजवलं गेलं. तुमच्या रस्टवाल्या अलाइनरवर इतकी वर्षं इतक्या लॅबनी डोकं फोडलंय का, ते आधी सांगा.

फतेगंजची_मेधा: तोवर रूट तरी काढा दोघांनी.