मॉन्स्टर सोलून चिलखत आणि विष: टेबलवर नियम कसे लावता?

येळ्ळूरचा_किल्लेदार:
मंडळी, बेळगावात डंजन्स अँड ड्रॅगन्सची (टेबलवर फाशांनी खेळायचा गोष्टीचा खेळ) पाचवी आवृत्ती चालू आहे, २०१४ चे नियम. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. पार्टी पाचव्या लेव्हलची, चौघांची: ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा), रेंजर (रानातला शिकारी), फायटर (लढवय्या), विझर्ड (जादूगार). मुलूख खानापूरच्या पलीकडच्या भीमगड जंगलासारखा कल्पिलाय. आता लढाई संपली की पहिला प्रश्न ठरलेला: "ह्याचं काय काय काढता येतंय?"

सध्या समोर दोन मढी पडली आहेत, एक अँखेग (कवचाचा राक्षसी किडा) आणि एक वायव्हर्न (विषारी नांगीचा ड्रॅगन). ड्रुइडला धातू चालत नाही म्हणून अँखेगच्या कवचाचं चिलखत पाहिजे. रेंजरला वायव्हर्नच्या नांगीतलं विष पाहिजे. कुठला चेक (वीस बाजूंचा फासा अधिक बोनस) मागू, डीसी (गाठायचा आकडा) किती, एका मढ्यातून माल किती निघतो आणि किती दिवस टिकतो? आणि १२०० गोल्डचं विष असं रस्त्यावर मिळायला लागलं तर पुढं खजिना ठेवून उपयोग काय?

वीस_बाजूंचा:
विषापासून सुरू करा, कारण तेवढ्याच बाबतीत पुस्तकात नियम तयार आहे. प्राणी मेलेला किंवा इन्कपॅसिटेटेड (काही करू न शकणारा) हवा. १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) मिनिटं लागतात, मग इंटेलिजन्सचा नेचर (निसर्गाचं ज्ञान) चेक, डीसी २०. नेचर येत नसेल पण पॉयझनर्स किट (विषाची अवजारं) वापरता येत असेल तर तो प्रॉफिशियन्सी बोनस (कौशल्याचा वाढीव आकडा) इथं धरता येतो. जमलं तर एकच डोस. पाच किंवा जास्तनं चुकलं, म्हणजे बेरीज १५ किंवा खाली आली, तर विष काढणाऱ्यालाच लागतं.

हे आकड्यात बघा. बोनस +५ असेल तर जमण्याची शक्यता ३० टक्के, काहीच न मिळण्याची २० आणि विष अंगावर येण्याची ५० टक्के. वायव्हर्नचं विष म्हणजे डीसी १५ कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (अंगातल्या ताकदीवर वाचायचा फासा), चुकला तर ७डी६, सरासरी २४. पाचव्या लेव्हलचा विझर्ड यात आडवा होऊ शकतो. दुसऱ्यानं मदत करून अॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा) मिळाला तर ५१ टक्के जमतं आणि अंगावर येण्याचा धोका २५ वर उतरतो. म्हणून मदत कोण करतोय, नांगी कोण धरतोय, हे फासा टाकायच्या आधी विचारून घ्या. फुकटचं विष वगैरे काही नाही हो, धोका नियमातच आहे. फक्त "परत एकदा टाकतो" हे ऐकायचं नाही. एक नांगी, एक प्रयत्न.

एक डोस म्हणजे एक बाण किंवा एक पातं, असं मी धरतो. साध्या बेसिक पॉयझनच्या बाटलीत तीन बाण बुडतात, तो हिशोब इथं आणू नका. पात्याला लावलेलं विष जखम होईपर्यंत किंवा धुतलं जाईपर्यंत टिकतं. म्हणजे नदी पोहून जायचं तर गेलंच.

बाकी अवयवांसाठी कौशल्य मॉन्स्टरच्या जातीप्रमाणे: बीस्ट, ड्रॅगन, ऊझ आणि वनस्पतीला नेचर; फीन्ड, सेलेस्टियल आणि अनडेडला रिलिजन; अॅबरेशन, कन्स्ट्रक्ट, एलिमेंटल, फे आणि मॉन्स्ट्रॉसिटीला अर्काना (जादूचं ज्ञान). अँखेग मॉन्स्ट्रॉसिटी आहे, म्हणून काटेकोर बघितलं तर अर्काना. पण कवच सोडवायला रेंजरचा सर्व्हायव्हल (रानात तगायचं कौशल्य) चालवून घ्या, ते खाटकाचं काम आहे, जादूचं नाही. डीसीसाठी मी १० अधिक सीआर (मॉन्स्टर किती भारी त्याचा आकडा) धरतो. अँखेगचा सीआर २, म्हणजे १२.

हिरडा_बाभूळ:
कातडं आणि कवचाबद्दल लिहितो, तिथंच जास्त गोंधळ होतो.

माल किती निघतो हे प्राणी कसा मारला यावर ठरवा. भाला आणि बाणांनी मारलेला अँखेग असेल तर एका माणसाचं ब्रेस्टप्लेट (छातीचं चिलखत) आणि वर एक ढाल. हातोड्यानं फोडला असेल तर फक्त ढाल. फायरबॉलमध्ये भाजला तर मिशा आणि जबडा एवढंच. हे लढाईच्या आधी सांगून टाका. मग विझर्ड आग टाकायच्या आधी विचार करतो आणि लढाईलाच चव येते.

कवच काढताना सांध्यांवर कापायचं, पाठ आडवी चिरायची नाही. आतला पडदा आणि मांस पूर्ण खरवडलं पाहिजे, नाहीतर खेकड्याच्या टाकून दिलेल्या कवचासारखा वास सुटतो. सावलीत वाळवायचं, वरून तेल. उन्हात टाकलं तर तडकतं. शिंग किंवा नखं असतील तर ती उकळत्या पाण्यात मऊ होतात आणि दाबून आकार घेतात. हाड तसं मऊ होत नाही, ते कोरायचंच. खेळाडूनं नेमकं सांगितलं तर डीसी दोननं कमी करा.

वायव्हर्नचं कातडं वेगळं. आमच्या अथणीकडं चपलांचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात, तोच क्रम टेबलवर चालतो. आधी आतल्या बाजूचं मांस आणि चरबी खरवडायची. मग मीठ, कच्च्या कातड्याच्या वजनाच्या ४० ते ५० टक्के, मांसाच्या बाजूनं चोळून. १०० पौंड कातड्याला ४० ते ५० पौंड मीठ. पुस्तकात मिठाचा भाव पौंडाला ५ तांब्याची नाणी, म्हणजे एवढ्या मिठाला २ ते अडीच गोल्ड. पैशाचा प्रश्नच नाही, प्रश्न वजनाचा. जंगलात ५० पौंड मीठ घेऊन कोण फिरतंय? फायटरची स्ट्रेंथ १६ असली तरी तो २४० पौंडच वाहून नेतो. उन्हाळ्यात मीठ न लावलेलं कातडं काही तासांतच सडायला लागतं. म्हणून नियम सोपा ठेवा: आठ तासांत मीठ नाही तर कातडं बाद.

मीठ मुरल्यावर चुन्याची निवळी, मग साल आणि हिरड्याचा अर्क, यात आठवडे जातात. हा वेळ क्राफ्टिंगच्या (वस्तू बनवायच्या) आठवड्यांतच धरा, वेगळा मोजू नका. असं झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं गरम पाण्यात बुडवलं की आकसून कडक होतं, चिलखताला तेच पाहिजे. पाणी फार कढत झालं किंवा जास्त वेळ ठेवलं तर मात्र ठिसूळ होतं. चेक चुकला तर नेमकं हेच झालं असं सांगा, "तू हरलास" म्हणू नका.

आणि वायव्हर्नच्या कातड्याला ड्रॅगन स्केल मेलचे (ड्रॅगनच्या खवल्यांचं जादूचं चिलखत) गुण देऊ नका. ती व्हेरी रेअर, म्हणजे फार दुर्मिळ, वस्तू आहे. चांगलं, हलकं चामडं मिळालं एवढंच.

निपाणीचा_रोग:
वरचं सगळं बरोबर, पण एवढं सगळं प्रत्येक मढ्याला केलात तर रविवार संपतोय बघा. मी असतो तर एका लढाईला एकच अवयव ठेवला असता. पार्टीनं ठरवावं नांगी की कातडं, दोन्ही नाही. रक्ताच्या वासानं दुसरं काहीतरी येतंच की. कोबोल्ड आणि गोब्लिनचे कान मोजत बसायचं नाही.

खजिन्याचं उत्तर असं: अवयव विकायचे नाहीत, ते फक्त सामानाच्या खर्चातून वजा करायचे. ब्रेस्टप्लेटची किंमत ४०० गोल्ड, सामान निम्म्याचं म्हणजे २००. अँखेगचं कवच त्यातले १५० भरतं, बाकी ५० पट्टे, तेल आणि अस्तराला रोख. 'झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग' (२०१७) प्रमाणे आठवड्याला ५० गोल्डचं काम होतं, म्हणजे आठ आठवडे. जुन्या हिशोबानं, दिवसाला ५ गोल्ड, ८० दिवस. तेवढा निवांत वेळ कुठल्या पार्टीला मिळतो? वेळ हाच खरा लगाम आहे.

जादूच्या वस्तूंना त्याच पुस्तकातली सीआरची पायरी लावा, वस्तू जेवढी दुर्मिळ तेवढा मॉन्स्टर भारी: कॉमनला १ ते ३, अनकॉमनला ४ ते ८, रेअरला ९ ते १२, व्हेरी रेअरला १३ ते १८, लेजंडरीला १९ किंवा वर. वायव्हर्नचा सीआर ६, म्हणजे अनकॉमनपर्यंतच: दोन आठवडे, २०० गोल्ड. एकदाच वापरायची वस्तू असेल तर दोन्ही निम्मे.

इथं एक अडचण येते. डिस्प्लेसर बीस्ट (आपली जागा चकवणारं जनावर) याचा सीआर ३ आणि तसाच चकवा देणारा अंगरखा, क्लोक ऑफ डिस्प्लेसमेंट, रेअर. खेळाडू म्हणणार, कातडं आहे की, शिवून द्या. पण पुस्तकात स्पष्ट आहे, सामान मढ्यातूनच यायला पाहिजे असं नाही, तो मॉन्स्टर सामानाची राखणही करत असू शकतो. तेव्हा कातडं त्यांच्याकडं असू दे. ते ज्या रंगात बुडवायचं, त्याच्या कुंडावर सीआर १० चं काहीतरी बसवा.

येळ्ळूरचा_किल्लेदार:
एकदम उपयोगी. एक राहिलं. मिठाच्या वजनावर त्यांनी आत्ताच तोड काढली: सगळं बॅग ऑफ होल्डिंगमध्ये (आतून मोठी असलेली जादूची पिशवी) टाकायचं. आणि विझर्डकडं जेंटल रिपोज (मढं सडू न देणारा मंत्र) आहे.

वीस_बाजूंचा:
बॅगेत ५०० पौंड आणि ६४ घनफूट मावतं, पण तोंड दोन फुटांचं. अख्खी पाठ जाणार नाही, कवच सांध्यांवर सोडवूनच भरायला लागेल. आत काळ थांबत नाही, मीठ नसलेलं कातडं तिथंही सडणार. आणि मुख्य म्हणजे बॅग आतून किंवा बाहेरून टोचली तरी फाटते आणि सगळा माल अॅस्ट्रल प्लेनमध्ये (दुसऱ्याच जगात) पांगतो. वायव्हर्नची नांगी उघडी टाकणार असतील तर एकदाच विचारा, "कशात गुंडाळली?" उत्तर नसेल तर फासा तुमच्या हातात आहे.

जेंटल रिपोज दहा दिवस मढं टिकवतं आणि रिचुअल (सावकाश विधी) म्हणून केलं तर स्लॉटही (मंत्रांच्या कोट्यातला एक) जात नाही. पण चिमूटभर मीठ लागतं आणि प्रत्येक डोळ्यावर तांब्याचं नाणं, ते पूर्ण वेळ जागेवर राहिलं पाहिजे. म्हणजे सोलायच्या आधी मढ्यावर करायचं आणि नाणी फडक्यानं बांधून गाडीत घालून न्यायचं. नुसत्या सोललेल्या कातड्याला डोळे कुठले? तिथं मी नाही म्हणतो, पण हा डीएमचा निर्णय.

हिरडा_बाभूळ:
गाडी म्हटल्यावर बैलही आले. वायव्हर्नच्या वासाला बैल बुजतात, अॅनिमल हँडलिंग डीसी १३ मागा.