भोवऱ्याचा डोरेमॉन करायचाय

कोथरूडची आई: तुळशीबागेतून लाकडी भोवरा आणलाय. लेकीला त्यावर डोरेमॉन हवाय, आणि नंतर तो फिरवायचाही आहे! पोस्टर कलर चालतील?

पेठी काका: छे, घामेजल्या हाताला लागतात. सँडपेपर मारून अ‍ॅक्रेलिकचे दोन पातळ हात द्या. अप्पा बळवंत चौकात मिळतील. फक्त वरचा घुमट रंगवा. जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, गुंडाळतो तो भाग कोराच ठेवा, नाहीतर ती घसरते.

निळूभाऊ: आणि कान काढू नका हं! ते उंदराने कुरतडलेत. पोरं लगेच चूक पकडतात.

कोथरूडची आई: बरं झालं सांगितलंत. पण फिरताना चेहरा दिसेल?

पेठी काका: कसला दिसतोय! नुसती निळी-पांढरी वर्तुळं. लाल नाक मात्र बरोब्बर मधोमध काढा, तेवढं जागेवर राहतं.