वेब ऑफसेटचा वेग ताशी ३०,००० च्या वर नेला की घडी घातलेले अंक तिरपे पडतात

मुद्रक, दारव्हा :

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्याजवळ आमचा छापखाना आहे. यंत्र सिंगल-विड्थ (रुंदीत दोन पाने बसणारे) वेब ऑफसेट, म्हणजे अखंड रिळावर छापणारे असून कटऑफ, म्हणजे एका अंकासाठी कापल्या जाणाऱ्या कागदाची लांबी, ५४६ मिमी आहे. घडी घालणारा फोल्डर जॉ प्रकारचा (जबड्यात कागद पकडून आडवी घडी घालणारा) आहे, त्याच्या खाली अंक झेलणारा सहा खणांचा एक फिरता पंखा आहे आणि पंख्यातून अंक, म्हणजे घडी घातलेल्या प्रती, पट्ट्यांच्या कन्व्हेअरवर पडतात. साप्ताहिके, बियाणे-खतांची माहितीपत्रके आणि एका दैनिकाची तालुका पुरवणी असे आमचे काम चालते. पुरवणीची पाने रात्री उशिरा हाती येतात आणि पहाटेच्या पहिल्या गाड्यांवर गठ्ठे चढवावेच लागतात, त्यामुळे वेग हा आमच्यासाठी हौसेचा विषय नाही.

ताशी २४,००० अंकांपर्यंत सर्व काही सुरळीत चालते. ३०,००० ओलांडले की अंक कन्व्हेअरवर तिरपे पडू लागतात, त्यांचे कोपरे दुमडतात आणि थोड्याच वेळात पंख्याखाली कागदाचा बोळा होऊन यंत्र थांबवावे लागते. कोपरा जवळजवळ नेहमी ऑपरेटरच्या बाजूचाच दुमडतो. ८ आणि १२ पानी अंकांना त्रास कमी होतो, ४ पानी पुरवणीला सर्वाधिक. कागद ४५ जीएसएमचा (चौरस मीटरला ४५ ग्रॅम) न्यूजप्रिंट आहे. एप्रिल-मे महिन्यांत हा त्रास विशेष वाढतो. घडी, कटिंग आणि रजिस्टर (छपाईची एकमेकांवर जुळणी) यांविषयी तक्रार नाही. यंत्राची क्षमता कागदोपत्री ३६,००० आहे. यंत्र पुरवणाऱ्यांकडे विचारणा केली असता वेग कमी ठेवा, एवढेच उत्तर मिळाले. पंखा बदलावा, की दुरुस्ती अन्यत्र करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त फोरमन, अकोला :

भाऊ, पंखा बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. कोपरा सतत एकाच बाजूचा दुमडतो, हे आपण लिहिले ते फार महत्त्वाचे आहे. दोष केवळ वेगाचा असता तर अंक कधी इकडे, कधी तिकडे वळले असते. एकाच बाजूला वळतात, याचा अर्थ अंकाची एक बाजू दुसरीच्या आधी कशाला तरी लागते आहे. आता ती जागा शोधायची.

अंक तिरपा होण्याच्या जागा तीनच आहेत. पहिली जॉ सिलिंडरची. जॉ उघडताना एका टोकाला किंचित उशिरा सुटत असेल, किंवा त्याच्या स्प्रिंगांचा ताण दोन्हीकडे सारखा नसेल, तर अंक पंख्यात शिरण्याआधीच वाकडा झालेला असतो. दुसरी जागा खुद्द पंख्याची. पंखा एकसंध दिसत असला तरी तो एका शाफ्टवर शेजारी शेजारी बसवलेल्या तबकड्यांचा बनलेला असतो, आणि त्यांपैकी एखादी तबकडी ग्रब स्क्रू (तिला शाफ्टवर घट्ट धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) सैल होऊन दोन-तीन मिमी जरी मागे-पुढे सरकली, तरी अंकाचे एक टोक खणाच्या तळाला आधी टेकते आणि दुसरे टोक पुढे धावत राहते. तिसरी जागा स्ट्रिपरची, म्हणजे खणातून अंक अडवून खाली कन्व्हेअरवर सोडणाऱ्या बोटांची. ती सर्व एका रेषेत हवीत. शाफ्टला समांतर लोखंडी पट्टी लावून पाहिल्यास एखादे बोट पुढे आलेले लगेच कळते.

यांपैकी नेमकी जागा कोणती, हे डोळ्यांनी ओळखू येणार नाही. ताशी ३६,००० म्हणजे सेकंदाला दहा अंक. आमच्या काळी स्ट्रोब दिवा मागवावा लागे. मिनिटाला ६०० वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशात पंख्याचे खण जागीच उभे दिसत आणि अंक कोठे आदळतो ते ओळखता येई. आता मोबाइलच्या स्लो मोशनने तेच काम होते. सेकंदाला २४० चित्रे घेणारा कॅमेरा ३६,००० च्या वेगाला प्रत्येक अंकाची २४ चित्रे देतो. फोन गार्डच्या बाहेर स्टँडवर घट्ट बांधा आणि बॅटरीचा प्रखर दिवा वापरा, कारण विजेच्या साध्या ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे येतात. पुरवणीच्या घडीवर दोन्ही टोकांना एकेक जाड काळी रेघ प्लेटवरच घ्या. मग दोन्ही रेघा खणात एकाच चित्रात तळाशी पोहोचतात का, ते पाहा. जॉमधून सुटतानाच रेघा वर-खाली असतील तर दोष जॉचा. खणात शिरेपर्यंत सरळ असून तळाशी वाकत असतील तर पंख्याचा. तोपर्यंत ठीक असून बाहेर पडताना वळत असतील तर स्ट्रिपरचा.

आणखी एक गोष्ट त्याच चित्रीकरणात दिसेल. अंकाची घडी खणाच्या तोंडाशी बरोबर मध्ये शिरते, की पात्याच्या टोकाला घासून जाते? घासत असेल तर पंख्याचे टायमिंग, म्हणजे अंक सुटण्याच्या क्षणाशी खणाची जुळणी, बदलावे लागेल. २४,००० ला जुळवलेले टायमिंग ३६,००० ला पुरेसे बसेल, असे गृहीत धरू नका. जॉमधून सुटल्यावर अंकाची मोकळी शेपटी वेगाबरोबर अधिक फडकते आणि तेवढ्याने घडीची वाट बदलते. ज्या वेगाने रोज छापायचे त्याच वेगाला चित्रीकरण करावे आणि त्यावरून यंत्र बंद असताना टायमिंग जुळवावे.

यंत्र अभियंता, वर्धा :

फोरमन काकांनी सांगितलेली तपासणी आधी करावी, याविषयी दुमत नाही. त्यामागचे गणित मात्र येथे मांडावेसे वाटते, कारण ते समजल्याशिवाय ४ पानी पुरवणीचा प्रश्न सुटणार नाही.

५४६ मिमी कटऑफ आणि सेकंदाला दहा अंक, म्हणजे कागद सेकंदाला ५.४६ मीटर वेगाने धावतो. कन्व्हेअरचा पट्टा मात्र सेकंदाला साधारण पाऊण मीटर चालत असेल. हा सारा फरक जवळजवळ एकट्या पंख्यालाच मिटवावा लागतो. खणाची लांबी २५ सेंटिमीटर धरली तर अंक सुमारे ०.०९ सेकंदात थांबतो आणि त्याचे मंदन (वेग उतरण्याचा दर) सेकंदवर्गाला सुमारे ६० मीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सहापट होते. २४,००० च्या वेगाला हेच मंदन पावणेतीनपटीच्या आसपास असते. वेग दीडपट झाला की अंकाला शोषून टाकावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते. म्हणूनच २४,००० ला निमूट बसणारा अंक ३०,००० नंतर खणाच्या तळावरून उसळी घेतो.

आता पानांचा विचार करू. पूर्ण रुंदीच्या रिळावरचा ४५ जीएसएमचा ४ पानी अंक जेमतेम १७ ग्रॅमचा असतो आणि दोन घड्यांनंतर त्यात कागदाचे चारच थर राहतात. ८ पानी अंकात आठ थर असल्यामुळे तो धडक सोसून सरळ राहतो. चार थरांचा अंक मात्र तळाला टेकताच मध्ये वाकतो, त्याची शेपटी पुढे ढकलली जाते आणि मागच्या अंकाच्या वाटेत येते. जड अंकाला ऊर्जा अधिक असूनही त्रास हलक्यालाच का होतो, याचे उत्तर वजनात नसून ताठपणात आहे.

मोठ्या यंत्रांमध्ये यावर उपाय म्हणून पंख्यापूर्वीच अंकाचा वेग एका टप्प्याने कमी केला जातो. हे शक्य होते त्याचे कारण घडीतच आहे. ५४६ मिमी लांबीचा कागद घडीनंतर २७३ मिमीचा होतो; त्यामुळे दोन अंकांमध्ये तेवढीच मोकळी जागा निर्माण होते. अंकाचा वेग निम्म्यापर्यंत उतरवला तरी मागचा अंक त्याच्यावर चढत नाही. त्याखाली जायचे तर अंकांचा प्रवाह दोन पंख्यांत विभागावा लागतो. मग प्रत्येक पंख्याला सेकंदाला पाचच अंक येतात आणि थांबण्यासाठी दुप्पट अवधी मिळतो. आपल्या यंत्राला दुसरा पंखा जोडणे खर्चाचे आहे आणि मी तो सल्ला देणार नाही. परंतु एक स्वस्त गोष्ट अवश्य पाहावी : कन्व्हेअरची मोटर वेगळी असून तिचा वेग स्थिर आहे का? पट्टा सेकंदाला ०.७ मीटर चालत असेल तर २४,००० ला दोन अंकांतील अंतर १०५ मिमी राहते, ३०,००० ला ८४ आणि ३६,००० ला ७०. म्हणजे वेग वाढवताना अंक पडण्याची जागा आपणच अरुंद करत जातो, आणि नवा अंक अजून न सरकलेल्या अंकाच्या कडेवर आपटतो.

कागद साठवणूक, हिंगणघाट :

उन्हाळ्यातील वाढीविषयी थोडे लिहितो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दुपारची हवा अतिशय कोरडी असते. टिनाच्या शेडमध्ये उभी केलेली रिळे कडांकडून सुकतात. कोरड्या कागदात स्थिर वीज साठते, पाने एकमेकांना आणि पंख्याच्या पात्याला चिकटतात, आणि हलका अंक स्ट्रिपरने सोडवला तरी वेळेवर सुटत नाही. रिळाचे वेष्टन छपाईपूर्वीच काढा, आदल्या दिवसापासून उघडे ठेवू नका. छपाईच्या हॉलमध्ये आर्द्रता ५० टक्क्यांच्या जवळ असावी. कूलर लावायला हरकत नाही, पण त्याचा झोत थेट रिळावर येऊ देऊ नका. कडा ओलावा धरून लहरी होतात आणि वेब, म्हणजे यंत्रातून धावणारा अखंड कागद, भरकटतो. फोल्डरच्या सांगाड्याचे अर्थिंग मोजून घ्या. जॉच्या बाहेर अंकाच्या वाटेवर तांब्याची झालर टांगून ती अर्थिंगला जोडली तरी बराच फरक पडतो. आयनायझिंग बार (हवेत आयन सोडून स्थिर वीज घालवणारी पट्टी) त्याहून चांगला, परंतु महाग आहे. शेजारी जिनिंग असेल तर दिवाळीनंतर हंगामभर रुईची धूळ फोटोसेलवर (प्रकाशाने अंक ओळखणाऱ्या सेन्सरवर) आणि झालरीवर बसते, ती रोज पुसावी लागते.

मुद्रक, दारव्हा :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे चित्रीकरण केले. दोन्ही रेघा जॉमधून समांतर सुटत होत्या आणि ऑपरेटरच्या बाजूची रेघ खणाच्या तळाशी आधी थांबत होती. त्या बाजूची पंख्याची तबकडी इतर तबकड्यांच्या पुढे सरकलेली सापडली. तिचा ग्रब स्क्रू हाताने फिरत होता. ती पट्टी लावून रेषेत आणली आणि स्क्रू लॉकिंग द्रव लावून बसवला. आता ८ पानी अंक ३३,००० च्या वेगालाही सरळ पडतात. ४ पानी पुरवणी मात्र अजून खणात उसळते, जरी ती आता कोणत्याही एका बाजूला वळत नाही. कन्व्हेअरची मोटर वेगळी आहे आणि तिचा वेग खरोखरच स्थिर आहे. झालर टांगली आहे. पंख्याच्या कडेला मऊ ब्रश लावून अंकाची शेपटी दाबून धरावी, असे आमचे मशीनमन सुचवतात. ते योग्य ठरेल का?

यंत्र अभियंता, वर्धा :

ब्रश उपयोगी पडेल, पण त्याआधी कन्व्हेअरच्या मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवून तिचा वेग यंत्राच्या वेगाशी बांधून घ्या. यंत्राच्या मुख्य शाफ्टवर एन्कोडर (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) लावला की अंकांतील अंतर सर्व वेगांना सारखे ठेवता येते. १०५ मिमी अंतर ठेवायचे तर ३६,००० ला पट्टा सेकंदाला १.०५ मीटर चालावा लागेल. ते वेगवान वाटल्यास ९० मिमीपासून सुरुवात करा, कारण फार धावणारा पट्टा हलक्या अंकाला खणातून ओढून पुन्हा तिरपा करू शकतो.

ब्रश लावताना त्याचा स्पर्श केवळ शेपटीच्या शेवटच्या भागाला व्हावा. न्यूजप्रिंटवरची कोल्डसेट (उष्णतेने न वाळवली जाणारी) शाई वाळत नाही, ती कागदात मुरते, आणि पंख्यापर्यंत येईतो ती पुरेशी मुरलेली नसते. ब्रश जरा अधिक टेकला तर शेवटच्या पानावर काळे फरांटे उठतात आणि ब्रशही शाईने जड होतो. तळाशी जाड फोटो असलेले पान असेल त्या रात्री ब्रश मागे घेण्याची सोय ठेवा.

निवृत्त फोरमन, अकोला :

ब्रशची जागा जुळवताना यंत्र बंदच असले पाहिजे, हे मशीनमनला आणि विशेषतः नव्या हेल्परला बजावून सांगा. चालत्या पंख्याखाली अडकलेला अंक हाताने ओढण्याचा मोह सर्वांनाच होतो, कारण यंत्र थांबवले की वेस्टेज वाढते. अखंड रिळावर छापणाऱ्या रोटरी यंत्राचे संशोधक विल्यम बुलक १८६७ मध्ये स्वतःच्याच यंत्रावर पट्टा चढवताना पाय चिरडून जखमी झाले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. आपल्या यंत्राला जाम ओळखणारा फोटोसेल असेल तर तो पंख्याच्या खाली, स्ट्रिपरच्या लगेच पुढे बसवा, म्हणजे बोळा होण्याआधीच यंत्र थांबेल. तबकड्यांचे बाकीचे ग्रब स्क्रूही याच खेपेला तपासून घ्या. एक सैल झाला असेल तर त्याच शाफ्टचे कंप इतरांनाही बसले आहेत. व्हीएफडी बसल्यावर ४ पानी पुरवणीचे नवे चित्रीकरण ३०,००० आणि ३३,००० अशा दोन्ही वेगांना करून येथे टाका, म्हणजे ब्रश किती टेकवायचा ते ठरवता येईल.