बाबांची पंच्याहत्तरी, शुक्रवार आणि आमचा फॅमिली ग्रुप

दादा: सगळ्यांनी वाचा. १९ मार्चला बाबांना ७५ पूर्ण होतात. हॉल मिळालाय, केटररला उद्या ॲडव्हान्स द्यायचाय, १२० माणसं धरलीत. मेन्यू चिकन, मटण, पोर्कचं इंद्याल, पुलाव, दोन गोड. कोणाला काही बोलायचं असेल तर आज बोला, मग कुरकूर नको

धाकटे काका: 👍👍

वहिनी: गोडात एक आईस्क्रीम ठेवा, पोरं दुसरं काही खात नाहीत

गासची आत्या: अरे कॅलेंडर बघितलंस का? १९ मार्च २०२७ शुक्रवार आहे, तोही उपवासकाळातला, मांस सोडायचा दिवस. राखेच्या बुधवारी १० फेब्रुवारीला उपवासकाळ सुरू, ईस्टर २८ मार्चला, म्हणजे तुझ्या पार्टीनंतर दोन दिवसांनी झावळ्यांचा रविवार. देवळात क्रुसाच्या वाटेची प्रार्थना चाललेली असणार आणि आपण हॉलमध्ये इंद्याल वाढत बसणार, लोक काय म्हणतील

दादा: 🤦 हे माझ्या लक्षातच नाही आलं. ईस्टर दर वर्षी कुठेतरी सरकतो ना

गासची आत्या: सरकतो म्हणजे, पौर्णिमा बघून ठरतो. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार. कॅटेकिझमच्या, धर्मशिक्षणाच्या वर्गात तुला दोन वर्षं मीच शिकवलंय

वहिनी: मग मासे करूया. भरलेलं पापलेट आणि कोलंबी पुलाव

दादा: १२० माणसांना पापलेट?? मार्चमध्ये काय भाव असेल माहितीय का, मी कर्ज काढू का

निर्मळची ताई: आणि शुक्रवारी मांस नको म्हणून भरलेलं पापलेट खायचं हा कसला उपास, चिकनपेक्षा तिप्पट महाग. आपल्या वसईत हे एक बरंय, मासे चालतात म्हटल्यावर उपवासकाळ म्हणजे बांगड्यापासून सुरू होऊन सुरमईवर संपतो 😂

छोटू टोरांटो: थांबा थांबा. १९ मार्च हा संत योसेफचा, येशूच्या पालक-पित्याचा सण, महासण. कॅनन लॉ म्हणजे चर्चचा कायदा, कलम १२५१, महासण शुक्रवारी आला तर मांस सोडायचं बंधन नाही. त्या दिवशी उपवासकाळ असूनसुद्धा मिस्सात, म्हणजे देवळातल्या उपासनेत, ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणतात, फादर जांभळ्याऐवजी पांढरी वस्त्रं घालतात. दादा बिनधास्त इंद्याल कर

धाकटे काका: हा वकील कधी झाला?

निर्मळची ताई: लॅटिन मिस्साला जायला लागल्यापासून. मागच्या वर्षी मला सांगत होता, १९१७ च्या जुन्या कायद्यात रविवार सोडून अख्खा उपवासकाळ एकवेळ जेवायचे, १९६६ ला पोपनी सवलत दिली आणि सगळे ढिले पडलो. आणि हे मला कुठून सांगत होता तर बर्गरच्या दुकानातून

छोटू टोरांटो: तो मंगळवार होता

धाकटे काका: बाबा रे, मी लहान असताना मिस्सा लॅटिनमध्येच होता. फादर पाठमोरे, पुटपुटतात काय ते पहिल्या बाकालाही ऐकू यायचं नाही. आमची आय सगळा वेळ रोझरीची माळ ओढायची, घंटा वाजली की मान खाली, परत रोझरी. व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी आलं तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की फादर एवढा वेळ काय बोलत होते. तुला आता परत त्या न कळणाऱ्याकडे का जायचंय

छोटू टोरांटो: काका मराठी मिस्सा मला आवडतो, इथे मिळत नाही एवढंच. पण त्या मिस्सात शांतता असते, कोणी माझ्याकडून काही मागत नाही, मी आपला गुडघ्यावर. दिवसभर मीटिंगमध्ये बोलून बोलून डोकं फिरलेलं असतं ना

धाकटे काका: शांततेचं तूच सांग. काल रोझरीत तिसऱ्या रहस्याला माईक कोणाचा चालू होता

(काका बोलले ते खरंय. आमच्या घरची रोझरी आठ वाजता, तेव्हा टोरांटोत सकाळचे साडेनऊ, छोटू ऑफिसमधून जॉइन होतो. काल आत्या नमो मारिया म्हणत होती आणि मधूनच कोणीतरी इंग्रजीत फाईल कधी पाठवतोस विचारलं. आत्याने न थांबता पुढचा मणी घेतला.)

गासची आत्या: मुद्द्यावर या. कायदा चालत असेल, पण येणाऱ्या १२० माणसांना तू दारात उभा राहून कलम १२५१ वाचून दाखवणार का

दादा: बाबांनाच विचारा ना कोणीतरी

मी: मी बाबांजवळच आहे, नाताळाआधीच्या आगमनकाळाची दुसरी जांभळी मेणबत्ती तिरकी झालीय ती सरळ करतायत. त्यांना टाइप करायचा कंटाळा, बोलतायत ते मी लिहितेय 👇

मी: “मी योसेफच्या सणाला जन्मलो म्हणून माझं नाव जोसेफ ठेवलं. लहानपणी माझा वाढदिवस नेहमी उपवासकाळातच यायचा, मला फार राग यायचा, बाकीच्यांना केक आणि मला वालाचं बिरडं आणि तांदळाची रोटी. आय म्हणायची सण तुझा नाही, त्या सुताराचा आहे, तू फक्त त्याच्या दिवशी आलास. नऊ वर्षांचा असताना वेदीवर सेवा करायचो, मिस्साच्या सुरुवातीला फादरना लॅटिनमध्ये उत्तर द्यायचं, आद देउम क्वी लेतीफिकात युवेन्तूतेम मेआम. अर्थ ठाऊक नव्हता. नंतर कळलं, माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे. नऊ वर्षांचं पोर तारुण्य तारुण्य करत होतं. आता ७५ ला मी ते म्हटलं तर तुम्ही हसाल, पण मला ते अजून पाठ आहे, सकाळी चहा ठेवताना म्हणतो. छोटूला सांग एकदा माझ्याबरोबर म्हण.”

छोटू टोरांटो: 🥺 बाबा मी म्हणेन

मी: अजून आहे. “छोटूचं कलम बरोबर आहे, मला ठाऊक होतं. पण बायबलात योसेफचं स्वतःचं एक वाक्य नाही. देवदूतानं स्वप्नात सांगितलं, तो उठला आणि बायको-पोराला घेऊन निघाला. आणि तुम्ही त्याच्या सणाच्या जेवणावर सकाळपासून किती मेसेज केलेत ते मोजा.”

निर्मळची ताई: ६७ 😬

दादा: बरं पण बाबा मेन्यू काय??

मी: बिरडं आणि रोट्या म्हणतायत. ज्याला मटण हवं त्याने ईस्टरला घरी यावं. आणि सकाळच्या मिस्साला यायचं सगळ्यांनी, नुसतं संध्याकाळी जेवायला नाही

वहिनी: आईस्क्रीम?

मी: आईस्क्रीम चालेल म्हणाले. दोन घेणार म्हणे

धाकटे काका: पंच्याहत्तरीला बिरडं. पाहुणे घरी जाऊन काय काय बोलतील, मी आत्ताच ऐकतोय

गासची आत्या: बोलू देत. गेल्या वर्षीच्या झावळ्या मी जपून ठेवल्यात, राखेच्या बुधवारी त्या जाळूनच राख करतात, म्हणून देवळात द्यायच्यात, फेब्रुवारीत कोण गाडी घेऊन येईल ते आत्ताच सांगा, मागच्या वेळी मी रिक्षाने नेल्या

दादा: मी येतो. केटररचा फोन आला आता, म्हणतो बिरडं करतो पण १२० माणसांचे वाल सोलून तुम्ही द्या, आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत

गासची आत्या: आदल्या रात्री सगळे माझ्या ओट्यावर या. वाल मी दोन दिवस आधी भिजवून मोड काढून ठेवते. रोझरी म्हणत सोलू, पाचही रहस्यं होईपर्यंत निम्मे होतील

छोटू टोरांटो: मी व्हिडिओवर येतो

गासची आत्या: ये. माईक बंद ठेव